खांद्यात शिवलेली ओढणी

मुकुटबन
१४ डिसेंबर २००६

ममता,

जय भीम. पत्राची सुरुवात अशीच करायची हे बाबांनी हाताला लावलेलं वळण आहे, म्हणून लिहिलं. चार वर्षांत मी तुला एकही पत्र टाकलं नाही. आजही खुशाली विचारायला टाकत नाही. पत्र शुद्ध मराठीत लिहावं हाही बाबांचाच नियम. समोर असतीस तर मी वेगळ्या भाषेत बोलले असते.

बिजलीबाईचा उजवा हात गेला. कोपराखालून कापावा लागला.

शनिवारी सकाळी जिनिंगमध्ये ती सरकी काढायच्या रेच्यात कापूस टाकत होती. खाली सांडलेला कापूस उचलायला वाकली तेव्हा खांद्यावरची ओढणी पुढे लोंबली आणि यंत्राच्या पट्ट्यात गेली. सोडवायला तिनं हात घातला की ओढणीनंच हात ओढून नेला, हे शेजारच्या तानाबाईलाही सांगता येत नाही. "मी वरडली, बाकी काई आठवत नाई," एवढंच ती म्हणते. मशीन बंद करायला माणूस धावला तोवर व्हायचं ते झालं होतं.

ओढणी फाटली नाही, ममता. मला सगळ्यांत जास्त हेच जाळतंय. सुती असती तर टर्रकन फाटली असती. बाई मागे पडली असती, ढोपर फुटलं असतं, चार दिवस हळद लावून घरी बसली असती. पण तुझ्या पुण्याच्या कंपनीचं कापड पॉलिस्टरचं. दिवसभर कापसात उभ्या राहणाऱ्या बायांच्या अंगावर कापसाचा धागा नाही. आणि ओढणी खांद्यावरून निसटलीही नाही, कारण ती डाव्या खांद्याच्या शिलाईत पक्की केलेली होती. एकेचाळीस बाया एकसारख्या दिसाव्यात, कोणाची ओढणी इकडची तिकडे होऊ नये, म्हणून. वर दुहेरी टीप.

ती दुहेरी टीप कोणाची हे मला कोणी सांगायला नको. मीच तुला शिकवली होती.

तुला आठवत नसेल तर सांगते. जिनिंगच्या शेठनं आधी मला बोलावलं होतं. गेल्या फेब्रुवारीत. बाहेरदेशचे खरेदीदार कापसाच्या गठाणी बघायला येणार, बाया एका पोशाखात दिसल्या पाहिजेत, म्हणाला. मी तीन दिवस जिनिंगमध्ये नुसती बसून राहिले. कोण किती वाकते, टोपली कोणत्या कमरेवर टेकवते, हात किती वर जातो, सगळं बघितलं. मग बेत काढला. पोटरीपर्यंत लांब सदरा, खाली सलवार, घेर कमी. बाही कोपरापर्यंत आणि टोकाला पट्टी, म्हणजे सैल काही नको. खिसा डाव्या बाजूला, कारण टोपली उजवीकडे असते. अंगावर पाजणाऱ्या दोघींसाठी बाजूनं उघडणारी पट्टी. डोक्याला रुमाल नाही, शिवलेली टोपी. आणि ओढणी नाही. ओढणी नाही हे मी कागदावर लाल खडूनं लिहिलं होतं.

बाया तयार होईनात. तानाबाई म्हणाली, "या वयात पंजाबी घालू काय वं मी? सुना हासतीन." तिच्या घरचं शेत आहे, भाव पडल्यापासून ती जिनिंगला येते. घरातून पहिल्यांदा मजुरीला बाहेर पडलेली बाई, तिला पदर सोडायला सांगणं सोपं नव्हतं. मी आधी स्वतःसाठी एक शिवला, तो घालून बाजाराच्या दिवशी आख्ख्या मुकुटबनात फिरले. लोक हसले. हसू दिलं. मग बाया एकेक करून माप द्यायला आल्या. एकेचाळीस जणींची मापं माझ्या वहीत आहेत.

ऑगस्टमध्ये ऑर्डर पुण्याला गेल्याचं कळलं. आणि पुण्याहून कोण आलं? तू. सोबत टाय लावलेला एक माणूस, त्याच्या हातात चकचकीत पुस्तक. 'तुमच्या माणसांसाठी खास बेतलेले गणवेश' असं त्याच्यावर छापलेलं. आणि त्यानं बायांना रांगेत उभं करून डोळ्यांनीच ठरवलं, ही स्मॉल, ही मीडियम, ही लार्ज. एकीलाही टेप लागली नाही. माझ्या घरी तू एक तास होतीस. मी शिवलेला नमुना हातात घेऊन उलटसुलट बघितलास. "छान आहे ताई, साहेबांना दाखवते," म्हणालीस आणि घेऊन गेलीस.

दिवाळीनंतर खोकी आली. त्यात माझा सदरा नव्हता. ओढणी होती.

मला उत्तर नको. हे पत्र तुझ्या साहेबाला मोठ्यानं वाचून दाखव, इतकंच.

सत्यशीला


मुकुटबन
२९ डिसेंबर २००६

ममता,

तुझं पत्र आलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून चुलीत घालणार होते.

म्हणजे तू दोन बेत काढले होतेस. एक ऑफिसातल्या आणि पाहुण्यांपुढे चहा नेणाऱ्या बायांसाठी, ओढणीचा. दुसरा मशीनवरच्या बायांसाठी, माझा सदरा जवळपास जसाच्या तसा. आणि दुसऱ्याच्या कागदावर तू लिहिलं होतंस की यंत्राजवळ ओढणी चालणार नाही. साहेबानं म्हटलं, दोन प्रकार कशाला, शेठला ओढणीचा आवडला, सगळ्यांना तोच. आणि माल निघाला.

हे तू लिहिलंस तेव्हा तुला हायसं वाटलं असेल. मला नाही वाटलं. मला असं दिसतं की माल निघताना तुला ठाऊक होतं. एकेचाळीस ओढण्या त्या पट्ट्यांपाशी गेल्यावर काय होईल हे खोकी बांधणाऱ्याला ठाऊक नव्हतं, टायवाल्याला ठाऊक नव्हतं. तुला होतं. तू बाबांसोबत त्या जिनिंगमध्ये लहानपणी गेलेली. शाळेच्या वाटेवर पट्ट्यांचा आवाज ऐकत वाढलेली. एक फोन नाही केलास. समोरच्या किराणा दुकानात फोन आहे, नंबर तुझ्याकडे आहे.

तू विचारलंस, "सगळ्या बाया तुझ्याकडे येतात, मग ओढणीचं कोणी तुला बोललं नाही का?"

त्याचं उत्तर मी देणार नाही. तू मला विचारणारी कोण?

आता इकडचं ऐक. बिजलीबाई यवतमाळच्या दवाखान्यात आहे, जखम भरतेय. आणि इकडे वामनराव, तो जिनिंगचा सुपरवायझर, एक कागद घेऊन बायांमध्ये फिरला. कागदात लिहिलंय की गणवेश दिला त्या दिवशीच सगळ्यांना ओढणी कमरेला खोचून घेण्याची सूचना दिली होती, बिजलीबाईनं ती पाळली नाही. बायांना सांगितलं, हजेरीचा कागद आहे. तीस जणींनी अंगठे दिले. तानाबाईला वाचता येतं, तिनं वाचला आणि म्हणाली, "असं कोणी कई सांगतलं होतं, वामनराव?" तो म्हणाला, "तुमाले कामावर याचं आहे ना?"

तिनं सही केली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ती घरीच आहे.

म्हणजे जिच्या हाताचा चेंदा झाला तिच्याच माथी दोष. आणि बाकीच्या सगळ्या अजून तीच ओढणी घालून त्याच पट्ट्यांपाशी उभ्या आहेत. गाठ मारतात, खोचतात, दोन तासांत परत सुटते. पॉलिस्टरच ते, गाठ धरत नाही.

फेब्रुवारीत कारखाने निरीक्षकांपुढे चौकशी आहे, यवतमाळला. तुझा तो दुसरा कागद मला हवा आहे. ज्याच्यावर तू ओढणी नको असं लिहिलंस तो. नक्कल चालेल. पाठव.

नोकरी जाईल असं लिहू नकोस. तसं लिहिलंस तर मी पत्र उघडणार नाही.

सत्यशीला


मुकुटबन
१६ जानेवारी २००७

ममता,

तुझं उत्तर नाही. कागदही नाही. रोज पोस्टमन दारावरून सायकल न थांबवता जातो आणि मी त्याच्यावर चिडते. काल त्यानं विचारलं, "बाई, मी काय केलं?" खरंच, त्यानं काय केलं?

परवा मी बिजलीबाईकडे गेले. तिला घरी सोडलंय. झरीच्या पुढे त्यांचं पोड आहे, कोलामांची वीसेक घरं. ती अंगणात ऊन घेत बसली होती. मी गेले तर उठून उभी राहिली, डाव्या हातानं खाट पुढे ओढली. सासूनं पाणी आणून दिलं. मग मी म्हटलं, "बिजलीबाई, तू कोणाले सांगतलं नाई?"

"काय?"

"तू माह्याकडे आलती ते."

ती म्हणाली, "तुमचं नाव कायले घेऊ? तुमी थोडीच शिवली थे ओढणी."

तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर देते. नीट वाच, कारण हे मी परत लिहिणार नाही.

ती माझ्याकडे आली होती. अपघाताच्या आठ दिवस आधी. मी मशीनवर बसले होते. तिनं पिशवीतून तो सदरा काढला, खांदा माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "बाई, एवढी शिलाई उसवून द्या ना. थे मधात मधात येते. मले भेव लागते तिचं."

मी बघितलं. दुहेरी टीप. उसवायला दोन मिनिटं. ब्लेड माझ्या हाताशी पडलेलं होतं.

मी काय म्हटलं माहीत आहे? मी म्हटलं, "ज्यायनं शिवलं त्यायलेच उसवाले सांग. पुण्याले पाठव. मी दुसऱ्याच्या कपड्याले हात लावत नाई."

तिला वाटलं मी गंमत करतेय. मग म्हणाली, "बरं बाई." सदऱ्याची नीट घडी घातली, पिशवीत ठेवला आणि गेली. मी मशीन चालू केली. मनात काय होतं सांगू? बरं वाटलं होतं मला. वाटलं, होऊ दे यांना त्रास, कळू दे सत्यशीलाचा बेत काय होता आणि पुण्याचा काय आहे. ती गेल्यावर मी दोन ब्लाउज पूर्ण केले. चांगले झाले ते ब्लाउज.

आठ दिवसांनी तानाबाईचा पोरगा नयन धावत आला आणि म्हणाला, बिजलीबाई मशीनमध्ये गेली.

मी तुला पहिल्या पत्रात जे जे लिहिलं ते सगळं खरं आहे. एक अक्षर मागे घेत नाही. तुला ठाऊक होतं आणि तू गप्प बसलीस. पण मलाही ठाऊक होतं. तुझ्यापेक्षा जास्त. तू पुण्यात होतीस, ओढणी माझ्या हातात होती.

बिजलीबाईला मी हे तिच्या तोंडावर म्हटलं. म्हटलं, "मी उसवली असती त तुहा हात राह्यला असता." मला वाटलं आता म्हणेल, असू द्या बाई, नशीब. तसं ती म्हणाली नाही. म्हणाली, "हो. राह्यला असता." आणि तोंड फिरवलं. सासूनं मला जायला खूण केली.

बरं झालं ती तसं म्हणाली. दुसरं काही म्हणाली असती तर मला तिथून उठता आलं नसतं.

मी चौकशीत हे सांगणार आहे. सगळं. गावात माझ्याकडे कोण कपडे टाकेल न टाकेल, ते टाकतील तेव्हा बघू. तू कागद पाठव अथवा नको पाठवू. वीस फेब्रुवारीला, मंगळवारी, अकरा वाजता. हे मी तुला बोलावणं म्हणून लिहीत नाही. माहीत असावं म्हणून लिहिते.

सत्यशीला


मुकुटबन
२४ फेब्रुवारी २००७

ममता,

चौकशी संपताच तू बस पकडून निघून गेलीस. मी पाठीमागून आवाज दिला नाही. तू वळून बघितलं नाहीस. ठीक आहे.

आत काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. तू येण्याआधी माझं बोलणं झालं होतं. जिनिंगचा वकील चांगला गोड बोलणारा. मला म्हणाला, "तुमच्या हातून ऑर्डर गेली. त्याचा राग आहे तुम्हाला, म्हणून तुम्ही मालकांवर आरोप करताय. खरं ना?"

मी म्हटलं, "हो, राग आहे."

तो निरीक्षक साहेबांकडे बघून हसला. साहेबही पेन खाली ठेवायला लागले. मग मी म्हटलं, "पेन खाली नका ठेवू साहेब. लिवा. राग होता म्हणूनच मी थे शिलाई उसवली नाई. ही बाई माह्याकडे सदरा घेऊन आलती. भेव लागते म्हणाली. सूचना देली असती, खोचाले सांगतलं असतं, त ही उसवाले कायले आली असती? तिले कोणी काई सांगतलं नवतं. तिचं तिलेच समजलं होतं. मले बी समजलं होतं. तिचा दोष नाई. माहा लिवा, मालकाचा लिवा, पण तिचा लिवू नका."

बिजलीबाई बाकावर बसली होती, ती पायाकडे बघत होती.

तेव्हा दार उघडलं आणि तू आलीस. ऑगस्टमध्ये आलीस तेव्हाचाच निळा ड्रेस, खांद्याला बॅग, रात्रभरच्या प्रवासानं सुजलेले डोळे. मला आधी ओळखूच आली नाहीस. खूप वाळलीस.

तू टेबलावर दोन कागद ठेवलेस. साहेबांनी विचारलं, "ही रेखाटनं कोणाची?" तू म्हणालीस, "ओढणीचं माझं आहे. दुसरं माझ्या ताईचं. मी फक्त पुन्हा काढलं आणि खाली माझं नाव घातलं." मग म्हणालीस, "माल निघाला तेव्हा मी गोदामात होते. मला थांबवता आला असता."

वकील म्हणाला, "कंपनी सोडली असणार तुम्ही, म्हणून बोलताय."

तू म्हणालीस, "काल सोडली. हे कागद आणायचे होते म्हणून."

हे मला तिथे, सगळ्यांसमोर कळलं. मला आधी कळवायला हवं होतंस. मी तुला नोकरी सोड म्हटलं नव्हतं. मी इतकंच म्हटलं होतं की नोकरीचं कारण सांगू नकोस. यावरही मी चिडलेलीच आहे, लक्षात ठेव.

निकालाचा कागद काल आला. पूर्ण चौकशी अजून चालेल, पण दोन गोष्टी ताबडतोब लागू. यंत्राजवळ कोणत्याही बाईच्या अंगावर सुटं कापड असणार नाही, आणि बिजलीबाईनं सूचना मोडली हे वाक्य अहवालातून काढलं. अंगठ्यांचा कागद साहेबांनी बाजूला ठेवला, कारण तीसपैकी बावीस जणी आत जाऊन सांगून आल्या की आम्हाला वाचून दाखवला नव्हता. त्यांना घेऊन आली तानाबाई. डोक्यावर पदर, पुढे ती आणि मागे सगळ्या.

काल दुपारी पाळी सुटल्यावर बाया सरळ माझ्या घरी आल्या. चाळीस सदरे. अंगणात चटई टाकली आणि उसवायला बसलो. मी, तानाबाई, शेजारची शीला, ज्यांना येतं त्या सगळ्या. प्रत्येक खांद्याला दोन मिनिटं लागली. मी घड्याळ लावून बघितलं. मला बघायचंच होतं.

वामनराव फाटकापाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "मले वरतून सांगतलं होतं, सत्यशीलाबाई." मी म्हटलं, "मले त वरतून बी कोणी सांगतलं नवतं, वामनराव. जा तुम्ही." तो गेला.

ओढण्यांचं काय करायचं असं एकीनं विचारलं. तानाबाई म्हणाली, जाळा. मी म्हटलं, पॉलिस्टर आहे, घाण वास सुटेल, मालकाला परत द्या. गाठोडं बांधून जिनिंगच्या ऑफिसात टाकून आल्या.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

बिजलीबाई आज सकाळी सासूला घेऊन आली होती. माझ्याशी ती अजून मोकळी बोलत नाही आणि मी अपेक्षाही करत नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "मले ब्लाउज शिवून पाह्यजे. एका हातानं लावता आला पाह्यजे. माही सासू हूक लावून देते, मले नाई आवडत थे. चैतात भाचीचं लगन आहे. मी माही तयार होऊन जाईन."

मी माप घेतलं. ती गेल्यावर माझा उजवा हात टेपनं पाठीशी बांधला आणि बसले. पुढून हूक लावून बघितले. डाव्या हातानं एक कड धरली की दुसरी निसटते. टिचबटनं लावली, वाकलं की पटापट उघडतात. चेन लावली, तर खालचं टोक धरायला कोणीतरी लागतं. बाजूनं उघडणारा करून बघितला, तो घालतानाच बाहीत अडकले, शीलाला हाक मारावी लागली. संध्याकाळपर्यंत चार कापले, चारही वाया. सहावीत असल्यापासून मी सुई धरली आहे, आणि मला हे जमत नाही.

तुला जमेल. तू माझ्यापेक्षा चांगली बेतणारी आहेस, हे मला तू बारा वर्षांची असल्यापासून माहीत आहे. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी त्याऐवजी तुझ्या चुका काढत बसले आणि तू म्हणालीस, मला आयुष्यभर गावच्या बायांचे ब्लाउज शिवायचे नाहीत. मी म्हटलं, मग परत येऊ नकोस.

मी तुला माफ केलेलं नाही. तूही मला करू नकोस एवढ्यात. आपण दोघींनी मिळून एका बाईचा हात घालवला आहे, आणि यात मालक, पुण्याचा साहेब, वामनराव सगळ्यांचा दोष आहे म्हणून आपला कमी होत नाही. आपण भांडायचं ते भांडू. घरात जागा आहे, दोन मशिनी आहेत, बाबांची अजून चालते.

पण चैत्राला जेमतेम साडेतीन आठवडे उरलेत. कापड मी आणून ठेवलंय, सुती, हिरवं, तिनं स्वतः निवडलेलं. मापं घेतलेली आहेत.

मिळेल त्या गाडीनं निघ.

ताई